लोकलच्या तिकिटावर मुंबईदर्शन

(संस्थेच्या महोत्सवी सभेत चिटगुप्पा येथील एका शिक्षकाने केलेले भाषण)



महोत्सवाच्या निमित्ताने शिक्षणाविषयी चार शब्द बोलावेत अशी चिटणीससाहेबांची आज्ञा झाली. शिक्षणाच्या थोरवीवर या व्यासपीठावरून पुष्कळ बोलून झाले आहे. म्हणून मी आज एक लहानसा आणि व्यवहाराचा विषय घेतो. तो म्हणजे मुलांची सहल.

आपल्याकडे सहल म्हटली की भाड्याची बस ठरते, खर्चाची वाटणी होते, आणि ज्याच्या घरी पैसे आहेत त्याचे मूल बसमध्ये बसते. बाकीची मुले दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांच्याकडून गोष्टी ऐकतात. मुलींचा प्रश्न याहून अवघड. पैसे असले तरी घरची परवानगी नसते. म्हणजे ज्यांना जग दाखवण्याची खरी गरज, तीच मुले मागे राहतात. माझे म्हणणे असे की बसचा नाद सोडून रेल्वे धरली, तर त्याच पैशात अधिक मुले जातील आणि अधिक पाहतील.

मुंबई आपल्याला परकी नाही. आपल्या भागातील किती माणसे तेथे कामाला आहेत, हे येथे बसलेल्यांना ठाऊक आहे. आजारी माणसाला घेऊन परळच्या इस्पितळात महिना महिना काढणारी कुटुंबेही आहेत. परंतु त्यांना विचारा, मुंबईत काय पाहिले? उत्तर येते, इस्पितळ आणि स्टेशन. शहर दाखवणारी सर्वांत स्वस्त गाडी त्यांच्या दाराशी दर चार-पाच मिनिटांनी येऊन उभी राहत होती, हे त्यांना कोणी सांगितलेच नाही.

या लोकलची थोडी माहिती देतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला देशातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. अंतर सुमारे ३४ किलोमीटर. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेवरची पहिली गाडी सुरू झाली. आज दिवसाला ३ हजारांहून अधिक फेऱ्या होतात आणि ६० लाखांच्या वर माणसे जा-ये करतात. पश्चिमेचा मार्ग चर्चगेटहून विरार आणि पुढे डहाणूपर्यंत जातो. मध्येचा कल्याणहून फुटून एकीकडे कसारा, दुसरीकडे कर्जत-खोपोली. आणि हार्बरचा खाडी ओलांडून पनवेलला. या सर्व मार्गांवर चालणारे एक, तीन किंवा पाच दिवसांचे पर्यटक तिकीट मिळते. एकदा काढले की कोठेही उतरा, पाहा आणि पुन्हा चढा.

आता पाहायचे काय? पहिल्या दिवशी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारतच आधी पाहावी. १८८८ साली ती पुरी झाली आणि २००४ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. रोज लाखो माणसे तिच्याखालून जातात आणि वर मान करून पाहत नाहीत. आपल्या मुलांनी पाहावे. तेथून धीम्या गाडीने तिसरे स्टेशन भायखळा. स्टेशनाजवळ राणीची बाग आणि १८७२ साली लोकांना खुले झालेले, आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाणारे संग्रहालय. घारापुरीला ज्या दगडी हत्तीवरून एलिफंटा हे नाव पडले, तो हत्ती येथेच उभा आहे.

दुसऱ्या दिवशी पश्चिमेचा मार्ग. चर्नी रोडला उतरले की गिरगाव चौपाटी आणि लोकमान्य टिळकांचा पुतळा. १९२० साली त्यांचे अंत्यसंस्कार याच वाळूवर झाले. महालक्ष्मी स्टेशनाच्या पुलावरून धोबीघाट दिसतो. शेकडो माणसे दगडी हौदांत शहराचे कपडे धुतात. श्रमाचा धडा याहून चांगला कोणत्या पुस्तकात आहे? तेथून पुढे हाजी अलीचा दर्गा. नंतर माहीमला मखदूम अली माहीमी यांचा दर्गा. हे कुराणशरीफाचे मोठे भाष्यकार. १४३१ साली त्यांचे निधन झाले. मुलांना येथे आणखी एक गोष्ट सांगावी. आपली बिदर राजधानी करणाऱ्या अहमदशहा वली बहमनीच्या फौजेने त्याच सुमारास माहीम घेतले होते आणि गुजरातच्या सुलतानाने ते परत मिळवले. बिदरचा इतिहास माहीमच्या खाडीपर्यंत पोहोचतो, हे ऐकून मुलाचा ऊर भरून येईल.

तिसरा दिवस कान्हेरीसाठी राखावा. बोरिवलीला उतरून राष्ट्रीय उद्यानात जायचे. शंभरावर बौद्ध लेणी एका डोंगरात कोरलेली आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक लेण्यापाशी पावसाचे पाणी साठवणारे टाके आहे. आपल्या नौबादला जमिनीखालून पाणी नेणारी सुरंगबावी आहे, ती कित्येक मुलांनी पाहिलेली नसते. कान्हेरीची टाकी पाहून आलेले मूल नौबादकडे निराळ्या नजरेने पाहील. दूरचे पाहण्याचा खरा फायदा हाच, की जवळचे दिसू लागते.

सवड असल्यास अंबरनाथचे १०६० सालचे शिवमंदिर आहे, नेरळहून माथेरानला जाणारी लहान गाडीही आहे. तिचे तिकीट वेगळे काढावे लागते. १९०७ साली सुरू झालेला हा मार्ग आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःचा पैसा घालून बांधला. दानधर्म करणाऱ्या संस्थेच्या सभेत हे नाव घ्यायलाच हवे.

आता काळजीच्या गोष्टी, कारण आईबापांना त्याच ऐकायच्या आहेत. लोकल निष्काळजी माणसाला क्षमा करीत नाही. रूळ ओलांडताना आणि दारातून पडून अलीकडच्या वर्षांतही दरसाल दोन हजारांवर माणसे प्राणास मुकली आहेत. म्हणून नियम कडक हवेत. सकाळी अकराच्या आधी आणि दुपारी चारनंतर मुलांना गाडीत चढवू नये. त्या वेळा चाकरमान्यांच्या. दारात उभे राहू नये. पुलावरूनच पलीकडे जावे. शक्यतो धीमी गाडी धरावी. कोणी गाडीत राहून पुढे गेला, तर त्याने पुढच्याच स्टेशनावर उतरून जागा न सोडता उभे राहावे. शिक्षक मागच्या गाडीने येतील. हा नियम निघण्यापूर्वी मुलांकडून तोंडपाठ करून घ्यावा. रविवारी दुरुस्तीसाठी मार्ग बंद ठेवतात, तो दिवस टाळावा. उद्यान व कान्हेरी सोमवारी बंद, भायखळ्याचे संग्रहालय व बाग बुधवारी बंद, हेही ध्यानात असू द्यावे.

मुलींविषयी स्पष्ट बोलतो. लोकलमध्ये बायकांचे डबे वेगळे असतात; १९९२ पासून तर केवळ स्त्रियांसाठी अशी पुरी गाडीच चालू झाली. दर दहा मुलींमागे एक शिक्षिका असावी आणि त्या डब्यात तिने त्यांच्याबरोबर बसावे. तेथे नोकरीवर जाणाऱ्या परिचारिका, शिक्षिका, कारकून, मासळी विकणाऱ्या बाया आपल्या मुलींना दिसतील. कोणी जपमाळ ओढते, कोणी भाजी निवडते, कोणी परीक्षेचा अभ्यास करते. आपल्या पायावर उभ्या असलेल्या एवढ्या बायका एकत्र पाहणे, हे मी सांगितलेल्या सर्व स्थळांहून मोठे दर्शन आहे. आमच्या घरातील मोठ्या माणसांना माझी हात जोडून विनंती आहे, की मुलीचे नाव यादीतून काढण्यापूर्वी तिच्या शिक्षिकेशी एकदा बोला.

जाण्याची सोयही आता पूर्वीसारखी अवघड नाही. २०१७ साली सुरू झालेला बिदर-कलबुर्गी मार्ग हुमनाबादवरून जातो. कलबुर्गीहून मुंबईच्या गाड्या आहेत. बिदरहून लातूरमार्गेही गाडी जाते. अभ्याससहलीसाठी रेल्वेकडून मिळणाऱ्या सवलतीचा अर्ज मुख्याध्यापकांनी वेळेवर करावा. मुंबईचा बेत पहिल्या वर्षी जड वाटला, तर हैदराबाद जवळ आहे. तेथेही २००३ पासून अशीच लोकल धावते. तेथे सराव करावा.

विश्वस्तांपुढे माझी मागणी तीन कलमांची आहे. महोत्सवाच्या निधीतून दरसाल काही रक्कम सहलीसाठी बाजूला काढावी. ज्यांना पैसे भरता येत नाहीत अशा मुलांची नावे शाळांकडून मागवून चिठ्ठ्या टाकाव्यात. शिफारस चालू नये. आणि निम्म्या जागा मुलींच्या असाव्यात. संस्थेने इमारती बांधल्या, वह्या-पुस्तके दिली, फी भरली; त्याबद्दल हे गाव ऋणी आहे. आता त्या पुस्तकांतील नकाशावर मुलांना प्रत्यक्ष चालू द्यावे.