वन्य जीवांचे छायाचित्रण आणि ग्रामशाळा



वारंगा फाटा म्हटले की नांदेड, हिंगोली व यवतमाळ या तीन दिशांना जाणारे रस्ते आणि त्यांवरील वाहनांची वर्दळ डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु या मुलखातून माणसांखेरीज दुसरेही प्रवासी जात असतात, आणि त्यांची चाहूल बहुधा कोणास लागत नाही.

जून २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण नर वाघ बाहेर पडला. त्याच्या गळ्यात संशोधकांनी रेडिओ-पट्टा बांधलेला असल्यामुळे त्याचा मार्ग कळू शकला. हिंगोलीसह अनेक जिल्हे व तेलंगणाचा काही भाग ओलांडून, सुमारे १,३०० किलोमीटर चालून, तो डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. शेते, ओढे व हमरस्ते ओलांडीत तो प्रायः रात्रीच चाले. तो विसावला असता काही माणसे त्या झुडपांत शिरली, तेव्हा एकास इजा झाली. एरवी गंभीर असा संघर्ष घडला नाही.

मार्च २०२१ मध्ये गौताळा अभयारण्यातील स्वयंचलित कॅमेऱ्याने आणखी एका वाघाचे छायाचित्र टिपले. तेथे कित्येक दशकांत वाघाची नोंद नव्हती. माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात. जुन्या छायाचित्रांशी ते ताडून पाहता हा वाघही टिपेश्वरचाच ठरला. छायाचित्र हे केवळ शोभेची वस्तू नसून पुरावा होय, हे यावरून ध्यानी येईल. अभयारण्याच्या सीमेवर वन्य जीवन संपत नाही. दोन अभयारण्यांमधील ओढाकाठ, गायरान व पडीक माळ हेदेखील त्याचे आश्रयस्थान आहे, ही गोष्ट त्या पुराव्याने सिद्ध झाली.

ग्रामशाळेचे कार्य नेमके येथे सुरू होते. आज बहुतेक शिक्षकांच्या हाती कॅमेरा असलेला मोबाईल आहे. विद्यार्थ्यांसह गावच्या शिवारात फिरून रोही, मोर, सुगरणीचा खोपा, चिखलातील पावलांचे ठसे यांची छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येकाखाली तारीख, स्थळ व ऋतू लिहून ती वर्गात लावावीत. काही वर्षांनी तोच गावाच्या निसर्गाचा इतिहास होईल, आणि कोणता ओढा उजाड झाला व कोणता पक्षी दिसेनासा झाला, हे मुलांस स्वतः सांगता येईल.

मात्र छायाचित्रापेक्षा जीव मोठा, हा नियम प्रथम शिकविला पाहिजे. टिटवी उघड्या माळावर अंडी घालते. जवळून चित्र घेण्याच्या हौसेने तिला उठविले, तर ती अंडी उन्हात तापतात किंवा कावळ्यांच्या दृष्टीस पडतात. म्हणून घरट्याजवळ जाऊ नये. प्राण्याचा पाठलाग करू नये, त्यास खाद्याचे आमिष दाखवू नये. मोठे श्वापद दिसल्यास मुलांना तत्काळ मागे घेऊन वनखात्यास कळवावे. त्याचे ठिकाण व्हॉट्सॲपवर पसरवून गर्दी जमवू नये. अभयारण्यात छायाचित्रणासाठी वनाधिकाऱ्यांची परवानगी अवश्य घ्यावी.

अज्ञात प्राण्याविषयी मनुष्यास भय वाटते आणि भयातून हातात काठी येते. ज्या मुलाने आपल्या शिवारातील कोल्ह्याचे चित्र वर्गाच्या भिंतीवर वर्षभर पाहिले, ते मूल त्या कोल्ह्यावर सहसा दगड उचलणार नाही. एवढे साधले तरी शिक्षकाच्या श्रमांचे सार्थक होईल.