पडदा काळा पडतो तेव्हां

विश्रामबाग हें सांगली आणि मिरज यांच्यामधील उपनगर. १९१९ सालीं स्थापन झालेलें विलिंग्डन महाविद्यालय आणि १९४७ सालीं सुरू होऊन पुढें वालचंद हें नांव धारण केलेलें अभियांत्रिकी महाविद्यालय, हीं दोन्ही येथलीं. साहजिकच विद्याव्यासंगी मंडळींचीं घरें येथें पुष्कळ, आणि त्या घरांत पुस्तकांच्या कपाटाशेजारीं आज संगणकही दिसतो. पुस्तकाचें पान सुटलें तर तें कसें चिकटवावें हें सर्वांस ठाऊक असतें. संगणकाचा पडदा एकाएकीं काळा पडला, म्हणजे मात्र भल्याभल्यांची मति कुंठित होते.

अशा एका घराचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. एक निवृत्त प्राध्यापक कृष्णाकांठच्या शेतकऱ्यांच्या तोंडचे शब्द गोळा करीत आहेत. आठ वर्षांचा तो संग्रह एकट्या संगणकांत सांठविलेला. दुसरी प्रत नाहीं. रात्रीं विंडोजनें आपण होऊन नवी सुधारणा उतरवून घेतली. सकाळीं कळ दाबतांच क्षणभर निर्मात्याचें चिन्ह चमकलें, आणि पुढें निखळ अंधार. दूरध्वनीवरून एका जाणत्यानें सल्ला दिला, "डिस्क पुसून सर्व कांहीं नव्यानें घालावें लागेल." हा सल्ला पाळला असता तर दोष कदाचित् गेला असता, शब्दसंग्रह मात्र खात्रीनें गेला असता.

सुदैवानें शेजारची अभियांत्रिकीची विद्यार्थिनी वेळेवर आली. तिनें एकच प्रश्न विचारला, "काका, सुरुवातीला चिन्ह दिसतें ना?"

"दिसतें. पण पुढें कांहींच नाहीं, बाळ."

"मग पडदा आणि केबल बहुधा ठीक आहेत. आणि तुमचे शब्द पडद्यांत नसतातच. ते डिस्कवर आहेत. आज कांहींही पुसायचें नाहीं."

या उत्तरांत सारें मर्म आहे. पडदा हें संगणकाचें मुख; स्मृति निराळ्या ठिकाणीं असते. मुख मिटलें म्हणून स्मृति नष्ट होत नाहीं. विंडोज आणि चित्र घडविणारें ग्राफिक्स कार्ड यांची भाषा एक नसते. त्यांच्यामध्यें जो दुभाषी बसतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. यंत्र सुरू होतांना प्रारंभींचें चिन्ह या दुभाष्यावांचून उमटतें. पुढें विंडोज आपला दुभाषी कामास लावतें. धनी नवी भाषा बोलूं लागला आणि दुभाषी जुनाच राहिला, किंवा त्याच्या जागीं भलताच आला, म्हणजे चित्र नाहींसें होतें, थरथरतें, अथवा अक्षरें बेढब व पसरट दिसतात.

म्हणून परीक्षेचा क्रम ठरलेला असावा. आरंभींचें चिन्हही दिसत नसेल, तर दोष बाहेर शोधावा: पडद्याचा दिवा लागला आहे काय, केबल दोन्ही टोकांस घट्ट बसली आहे काय, पडद्यावर योग्य मार्ग निवडला आहे काय. वेगळें ग्राफिक्स कार्ड बसविलेलें असेल, तर केबल त्यालाच जोडावी. पुष्कळदां ती चुकून शेजारच्या जुन्या छिद्रांत खोंवलेली असते. दुसरा पडदा अथवा घरांतील दूरदर्शनसंच जोडून पाहिल्यास दोष पडद्याचा कीं संगणकाचा, याचा निकाल लागतो. पडद्याची पाठ मात्र घरीं कधींही उघडूं नये. जुन्या कांचनळीच्या पडद्यांत वीज बंद केल्यावरही घातक दाब शिल्लक राहतो.

जुना पडदा आणि नवा संगणक यांचें न पटण्याचें कारण वेगळें. १९८७ सालीं आय.बी.एम.नें आणलेल्या व्ही.जी.ए. पद्धतींत चित्र चढउतार पावणाऱ्या विद्युत्प्रवाहाच्या रूपानें जातें, एच.डी.एम.आय. पद्धतींत तें अंकांच्या रूपानें जातें. या दोहोंमध्यें केवळ टोकें बदलणारी केबल पुरत नाहीं, रूपांतर करणारें उपकरणच लागतें. शिवाय पडदा आपली क्षमता संगणकास जोडतांच कळवीत असतो. ती वार्ता वाटेंत बिघडली, तर संगणक पडद्याच्या शक्तीबाहेरचें चित्र पाठवितो आणि पडद्यावर मर्यादा ओलांडल्याची सूचना येते. चित्राचा आकार हातानें बदलल्यावर विंडोज १५ सेकंद संमतीची वाट पाहतें. ती न मिळाल्यास पूर्वीचा आकार परत आणतें. अशा वेळीं कांहींच न करणें हाच उपाय.

प्राध्यापकांच्या घरीं चिन्ह दिसत होतें. तेव्हां दोष दुभाष्याचा असावा. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबल्या कीं ड्रायव्हर नव्यानें सुरू होतो. तो प्रयोग येथें फसला. मग यंत्र तीनदां सुरू होतां होतां बंद करतांच दुरुस्तीचें निळें पान आलें. तेथून सेफ मोड निवडला. या अवस्थेंत विंडोज विशेष दुभाष्यास बाजूस ठेवून अगदीं साध्या दुभाष्यावर काम चालवितें. चित्र ओबडधोबड आलें, पण आलें! विद्यार्थिनीनें दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीं शब्दसंग्रहाची प्रत बाहेरच्या डिस्कवर उतरविली. त्यानंतरच डिव्हाइस मॅनेजरमध्यें जाऊन ड्रायव्हर पूर्वीच्या आवृत्तीवर परत नेला. यंत्र पुन्हां सुरू झालें तेव्हां पडद्यावर नेहमींचीं अक्षरें होतीं.

नवा ड्रायव्हर घ्यावयाचा तर तो संगणकाच्या किंवा ग्राफिक्स कार्डाच्या निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. "सर्व ड्रायव्हर क्षणांत" असें आश्वासन देणाऱ्या अनोळखी जाहिरातींपासून दूर राहावें. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. विंडोज ११ कडे वळतांना आपल्या जुन्या कार्डास अनुरूप ड्रायव्हर मिळतो कीं नाहीं, हें आधीं पाहावें, मागाहून नव्हे.

त्या सायंकाळीं प्राध्यापकांनीं संग्रहाची आणखी एक प्रत करून ती शेजारच्या घरीं ठेवावयास दिली. पडदा पुन्हां कधींतरी काळा पडेलच. परंतु त्या घरांत आतां त्याचें भय उरलेलें नाहीं.