सभेची जागा
(वर्धापनदिनानिमित्त मंडळात केलेले भाषण)



आज मला चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा फार मोठ्या विषयाला हात घालण्याचे धाडस मी करणार नाही. गेली काही वर्षे आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आणि एका पतसंस्थेच्या वार्षिक सभेसाठी जागा पाहण्याचे काम माझ्याकडे येत आहे. त्या कामात जे कळले तेच आपल्यापुढे मांडते. सभा-समारंभाची जागा कशी निवडावी, हा माझा विषय.

विषय किरकोळ वाटेल. जागा म्हणजे काय, चार भिंती आणि वर छप्पर! पण भगिनींनो, सभेत कोण बोलणार आणि कोण गप्प बसणार, हे पुष्कळदा जागाच ठरवते. आपल्या पलूस भागात पतसंस्था, दूध संस्था, सोसायट्या कितीतरी आहेत. त्यांत आपण सभासद आहोत. कायद्याने संस्थेच्या संचालक मंडळात बायकांसाठी दोन जागा राखून ठेवल्या आहेत. पण सभेत बसायची जागा कोणता कायदा राखून देणार? ती आपणच पाहिली पाहिजे.

एका संस्थेच्या सभेची गोष्ट सांगते. नाव घेण्याचे कारण नाही. सभागृह लांबट आणि अरुंद होते. खुर्च्या जमिनीला खिळवलेल्या, पुढे उंच व्यासपीठ, वर पत्रा. पुढच्या ओळी आधीच भरलेल्या, त्यामुळे आम्ही बायका दाराशी बसलो. पाऊस सुरू झाला आणि पत्र्यावर असा काही आवाज, की पुढचे एक अक्षर ऐकू येईना. माझ्याशेजारी एक बाई होत्या. त्यांचे यजमान वारून वर्ष झाले होते आणि यजमानांच्या नावावरचे शेअर आपल्या नावावर कसे करायचे, एवढेच त्यांना विचारायचे होते. त्या दोनदा उठल्या आणि दोनदा बसल्या. एवढ्या लांबून, सगळ्यांच्या माना वळलेल्या असताना ओरडून विचारायचे कसे? सभा संपली, चहा झाला आणि बाई जशा आल्या तशा घरी गेल्या.

त्यांच्या तोंडात शब्द नव्हते असे नव्हे. शब्द पोचायला वाट नव्हती.

पुढच्या वर्षी आम्ही सातआठजणी संस्थेच्या मंडळींकडे गेलो आणि म्हणालो, या वेळी जागा पाहायला आम्हालाही बरोबर घ्या. त्यांनी ते ऐकले, हे सांगायलाच हवे. तेव्हापासून मी जागा पाहते. ती कशी पाहते ते आता सांगते.

पहिली गोष्ट, जागा पाहायला जाण्याआधी कामाची यादी करावी. सभा म्हणजे नुसती भाषणे नव्हेत. दाराशी नावे लिहून घ्यायची, अहवाल वाचायचा, प्रश्न विचारायचे, मग जेवण. एकाच दिवसात चार कामे, आणि प्रत्येकाला बैठक निराळी. ऐकायला ओळी बऱ्या, विचारायला गोल बरा, जेवायला पंगत बरी. ज्या जागेत सकाळी ओळी आणि दुपारी पंगत मांडता येईल, ती जागा आपल्या कामाची. नाट्यगृह वाईट नव्हे. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सीतास्वयंवर केले, त्या परंपरेचा आपल्याला अभिमानच आहे. पण नाट्यगृहाच्या खुर्च्या नाटक पाहण्यासाठी असतात. तिथे एकाने बोलायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. सभेला ते चालत नाही.

दुसरी गोष्ट मापाची. 'पाचशे माणूस आरामात बसते' असे मालक सांगतात. त्यावर विसंबू नये. माझी युक्ती सोपी आहे. सहावारी पातळ अठरा फुटांचे असते. दोघींनी टोके धरली की भिंत मोजून होते. समजा जागा ४० फूट लांब आणि ३० फूट रुंद भरली. म्हणजे १२०० चौरस फूट. ओळीने खुर्च्या आणि मध्ये वाट ठेवली तर माणशी आठ फूट धरावे, दीडशे माणसे बसतील. टेबल-खुर्चीवर जेवायला बसवायचे तर माणशी बारा फूट लागते, म्हणजे शंभरच. दीडशे बोलावले आणि एकाच वेळी जेवायला बसवले, तर पन्नासजणी ताट हातात घेऊन उभ्या राहणार. त्या कोण असतील हे मी सांगायला नको.

तिसरी गोष्ट पावसाची. संस्थेचे वर्ष ३१ मार्चला संपते आणि वार्षिक सभा सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. हिशेबतपासणी आटोपून नोटीस निघेपर्यंत ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो. नेमका तोच आपला पावसाचा काळ. नोटिशीत जागेचे नाव छापलेले असते, ऐन वेळी ती बदलता येत नाही. कृष्णेला पूर आला आणि पूल पाण्याखाली गेला, की पलीकडच्या अंकलखोप-औदुंबरच्या बायका यायच्या कशा? ऑगस्ट २०१९ चा पूर आपण कोणीच विसरलो नाही. ब्रह्मनाळला नाव उलटली आणि आपली माणसे गेली. पुढे २०२१ सालीही पाणी चढले. त्या दिवसांत नदीकाठची कुटुंबे शाळांत आणि मंगल कार्यालयांत राहिली. ज्या दालनात आदल्या महिन्यात लग्न लागले, तिथेच सतरंज्यांवर म्हाताऱ्याकोताऱ्या आणि लेकुरवाळ्या झोपल्या. खुर्च्या खिळवलेल्या असत्या तर त्या निजल्या कुठे असत्या? जागा वळती असावी असे मी म्हणते, ते नुसत्या समारंभासाठी नव्हे.

म्हणून पाहते ती जागा उंचावरची, एस.टी. किंवा रेल्वे स्टेशनपासून पायी जाता येईल अशी. पाऊस असताना एकदा आत उभी राहते आणि मागच्या भिंतीशी बोललेले ऐकू येते का ते पाहते. वीज गेली तर माइक कशावर चालेल हे विचारते. बायकांची मोरी कुठे आहे, तिला कडी आहे का, पाणी आहे का, हे स्वतः जाऊन पाहते. तान्ही मुले घेऊन येणाऱ्यांसाठी शेजारी एखादी खोली किंवा पडदा लावता येईल असा कोपरा हवा. गुडघे दुखणाऱ्यांसाठी पायऱ्यांऐवजी उतार हवा. मगच भाड्याचे बोलते. भाड्यात वीज, पाणी, झाडलोट धरली आहे का ते लिहून घेते.

या गुणांत एक उणेही आहे, तेही सांगते. मोकळे मोठे दालन घुमते, आवाज फुटतो. खाली सतरंज्या आणि भिंतीला पडदे लावले की पुष्कळ फरक पडतो. शिवाय मांडणी बदलायची तर अर्धा तास आणि आठदहा माणसे लागतात. जागा आपोआप वळत नाही, तिला वळवणारे हात लागतात. ते हात कोणाचे, हे आधी ठरवावे. नाहीतर भाषणे पुरुषांची आणि खुर्च्या उचलणे आपले, असे होते.

आपल्या शेजारचेच उदाहरण देते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखान्यासाठी जागा घेतली ती कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ. तिथे ना बाग होती, ना इमारत. पण शेजारी रेल्वे होती आणि वाढायला वाव होता. त्या माळावर कारखाना झाला, वसाहत झाली आणि १९३० पासून 'स्त्री' मासिकही तिथूनच निघू लागले. तयार शोभा पाहून जागा घ्यावी, की पुढे काय काय करता येईल हे पाहून घ्यावी, याचा धडा आपल्या दाराशीच आहे.

आता त्या पुढच्या वर्षीच्या सभेचे सांगते. आम्ही एका शाळेचे दालन घेतले. व्यासपीठ बुटके, खुर्च्या घडीच्या. अहवाल झाल्यावर ओळी मोडून पाच गोल केले आणि प्रत्येक गोलात संस्थेचा एकेक माणूस वही घेऊन बसला. त्या बाई या खेपेला आल्या होत्या. त्यांनी बसल्याजागी, नेहमीच्या आवाजात आपला प्रश्न विचारला. कोणते कागद लागतात ते त्यांना तिथेच लिहून मिळाले. ते ऐकून शेजारची म्हणाली, माझ्या ठेवीवर वारस कोण लावलाय, बघा बरं. मग दुसरी, मग तिसरी. कितीतरी जणींना आपल्या ठेवीला वारसच लावलेला नाही, हे त्या दिवशी कळले. अर्ज तिथेच भरले गेले. पुढे काही महिन्यांनी शेअर त्या बाईंच्या नावावर झाले.

भगिनींनो, त्या सभेत नवा कायदा झाला नाही, की कोणी मोठे भाषण केले नाही. फक्त खुर्च्या फिरवल्या होत्या.

आपल्या मंडळाच्या येत्या वर्षात अनेक कार्यक्रम होतील. कोणी संस्थेच्या, कोणी यजमानांच्या कारखान्याच्या समारंभाला जातील. माझी विनंती एवढीच, की जागा पाहायला निघालेल्या मंडळींत आपल्यापैकी एकीने तरी असावे. जाताना पातळ न्यावे, मापे घ्यावीत आणि दाराशी बसणारीचा आवाज पुढपर्यंत पोचेल का, हे पाहूनच होकार द्यावा.