स्मृतिनिधी आणि आपला रविवारचा वर्ग
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या सभेत गतकालाचा गौरव करावा अशी रीत आहे, आणि माझ्यापूर्वी बोललेल्या वक्त्यांनी ती उत्तम प्रकारे पाळली आहे. कार्यकारी समितीने माझ्याकडे मात्र एक व्यवहाराचा विषय सोपविला आहे. आपल्या दिवंगत आप्तांच्या नावाने निधी स्थापून मुलांच्या रविवारच्या वर्गाला कायमचा आधार कसा देता येईल, हा तो विषय. चारचौघांत पैशाविषयी बोलताना मराठी माणूस थोडा संकोचतो. तो संकोच मोडावा म्हणून आरंभ माझ्याच घरातल्या एका चुकीपासून करतो.

१९८१ साली माझे वडील वारले. दिवसकार्य झाल्यावर आम्हा भावंडांनी त्यांच्या स्मरणार्थ एक हजार एक रुपये मंडळाच्या स्वाधीन केले आणि शालान्त परीक्षेत सर्वांत अधिक गुण मिळविणाऱ्या मुलास त्या रकमेच्या व्याजातून दरवर्षी पारितोषिक द्यावे, असे सुचविले. त्या काळी दीर्घ मुदतीच्या ठेवीवर दहा टक्क्यांच्या आसपास व्याज मिळे. म्हणजे वर्षाकाठी शंभर रुपये हाती येत. त्यांत एक चांगला शब्दकोश आणि वर दोन-तीन पुस्तके सहज येत. वडिलांचे नाव चालले, असे समजून मी निश्चिंत झालो.

गेल्या वर्षी हिशेबाच्या वह्या चाळताना तो निधी पुन्हा दृष्टीस पडला. मुद्दल तेच होते, एक हजार एक. व्याज सत्तर रुपयांच्या आत आले होते, आणि त्यांतून शहाण्णव टक्के गुण मिळविणाऱ्या एका मुलीला एक पेन देण्यात आले होते. मी त्या मुलीला विचारले, “बाळ, ज्यांच्या नावाचे हे बक्षीस, ते कोण होते हे तुला कुणी सांगितले का?” ती ओशाळून म्हणाली, “नाही हो, आजोबा.” ओशाळायला तर मी हवे होते. चाळीस वर्षांत मी त्या निधीत एक रुपया घातला नव्हता, की वडिलांविषयी मुलांशी एक शब्द बोललो नव्हतो.

या चुकीची फोड केली म्हणजे आजच्या विषयाचा निम्मा भाग सांगून होतो. पहिली चूक मुद्दल गोठवून ठेवण्याची. दुसरी चूक हेतूची : ज्या मुलीचे कौतुक शाळेने, घराने आणि नातलगांनी आधीच केले होते, तिच्या हातावर आम्ही आणखी एक पेन ठेवले, त्या पेनामुळे तिला नवे असे काही शिकता आले नाही. तिसरी चूक स्मृतीची. नाव वहीत राहिले आणि माणूस वहीबाहेर गेला.

आता हेच काम ज्यांनी नीट केले त्यांच्याकडे वळू. आपल्या या कोलकात्याशी जोडलेले एक उदाहरण प्रथम सांगतो. मुंबईचे प्रेमचंद रायचंद हे कापसाच्या आणि शेअरांच्या व्यापारातले बडे प्रस्थ. १८६६ साली त्यांनी कलकत्ता विद्यापीठाला दोन लक्ष रुपये दिले आणि त्यांतून त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले, कापसाचे भाव कोसळले, आणि त्या पडझडीत प्रेमचंदांची अफाट संपत्ती गेली. जे स्वतःजवळ ठेवले ते बुडाले. जे देऊन टाकले तेवढे राहिले. ही शिष्यवृत्ती १८९७ साली जदुनाथ सरकार नावाच्या एका बंगाली तरुणाला मिळाली. पुढे १९१९ साली याच जदुनाथांनी इंग्रजीत शिवचरित्र प्रसिद्ध केले, आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याशी त्यांचा स्नेह जन्मभर टिकला. मुंबईच्या व्यापाऱ्याचे धन, कोलकात्याचे विद्यापीठ, बंगाली विद्यार्थी आणि महाराष्ट्राचा इतिहास अशी ही साखळी आहे. देणाऱ्याने ती आखलेली नव्हती. त्याने दोन लक्ष रुपये विद्येच्या स्वाधीन केले आणि पुढची वाट विद्येवर सोपविली.

दुसरे उदाहरण आपल्या घराघरांत ऐकलेले. मुंबई विद्यापीठाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्यांना मिळे. नानांचे निधन १८६५ सालचे. पण त्यानंतर कित्येक पिढ्या ‘शंकरशेट मिळविलेला मुलगा’ एवढे शब्द उच्चारले की पुढे काही सांगावे लागत नसे. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुख यांनी मिळविली. ते पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले. तथापि शाळेत जडलेला संस्कृतचा छंद त्यांनी सोडला नाही आणि मेघदूताचा मराठी पद्यानुवादही केला. एखाद्या विषयाची गोडी कोवळ्या वयात लागली की ती पोट भरण्याच्या विद्येच्या जोडीने आयुष्यभर टिकते. आपल्या रविवारच्या वर्गाचे प्रयोजनही याहून निराळे नाही.

हा वर्ग कसा चालतो, ते पालकांना ठाऊक आहे. देणाऱ्यांनाही ठाऊक असावे. आपली मुले शाळेत इंग्रजी, हिंदी आणि बंगाली शिकतात. मराठी वाचन-लेखन त्यांना घराबाहेर फक्त येथेच मिळते. त्याच्या जोडीला विज्ञानाचे साधे प्रयोग, गणिताची कोडी, इतिहासाच्या गोष्टी, आणि वर्षातून दोन सहली. या शहराइतकी समृद्ध शाळा दुसरी कोठे मिळणार? गुरुसदय रस्त्यावरचे बिर्ला औद्योगिक संग्रहालय १९५९ पासून आहे, १८१४ साली स्थापन झालेल्या भारतीय संग्रहालयात भारहूतचे शिल्पित कठडे आहेत, तारांगण आहे, अलीपूरला राष्ट्रीय ग्रंथालय आहे. हे सारे दाराशी असूनही मुलांना तेथे हाताला धरून नेणारे आणि पाहावे कसे ते शिकविणारे कोणी लागते.

हा वर्ग आजवर स्वेच्छेने शिकविणाऱ्या दोन-तीन माणसांच्या बळावर चालला. ती माणसे आता थकली आहेत. नव्या शिक्षकाला निदान जाण्यायेण्याचा खर्च आणि थोडे मानधन द्यावे लागेल. आणखी एक गोष्ट मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. सहलीची वर्गणी मागितली की नेमका त्याच आठवड्यात एखाद्या मुलाला ताप येतो. तो ताप कसला असतो, हे आपण सारे ओळखतो आणि न बोलता पुढे जातो. अशा मुलाला कोणाची मेहेरबानी न वाटता सहलीला येता आले पाहिजे. सर्वच मुलांचा खर्च निधीतून झाला, तर कोण देऊ शकतो आणि कोण नाही, हा प्रश्नच उरत नाही. नव्या चषकांची, भिंतीवरच्या घड्याळांची आणि नावे कोरलेल्या पंख्यांची आपल्याला आता गरज नाही. गरज आहे ती या वर्गाला दरवर्षी नियमाने मिळणाऱ्या उत्पन्नाची.

ते उत्पन्न टिकावे कसे? येथे थोडे अंकगणित सांगण्याची परवानगी द्यावी. समजा, एक लक्ष रुपयांचा निधी आहे आणि व्याज सात टक्के मिळते. सात हजार हाती आले. परंतु महागाई वर्षाला पाच टक्क्यांनी वाढत असेल, तर मुद्दलाची किंमत जशीच्या तशी राखण्यासाठी पाच हजार मुद्दलात परत घालावे लागतील, आणि खर्चाला दोनच हजार उरतील. सातही हजार खर्चिले, तर सुमारे चौदा वर्षांत त्या लाखाची खरेदीशक्ती निम्म्यावर येईल. माझ्या वडिलांच्या निधीचे नेमके हेच झाले. मोठ्यांचेही होते. नोबेल पारितोषिके १९०१ साली सुरू झाली. निधी फक्त सुरक्षित रोख्यांत गुंतविण्याचे बंधन, कर आणि महागाई यांमुळे त्यांचे खरे मोल घटत गेले. १९५३ साली गुंतवणुकीचे नियम सैल करण्यात आले, तरीही पहिल्या वर्षीचे मोल पुन्हा गाठायला १९९१ साल उजाडले. जेथे नोबेलांच्या संपत्तीला घरघर लागली, तेथे आपल्या एक हजार एकची काय कथा!

म्हणून माझ्या सूचना अशा आहेत. प्रत्येक निधीच्या व्याजाचा अर्धा भाग वर्गावर खर्च व्हावा आणि अर्धा मुद्दलात जमा व्हावा. एवढ्याने महागाईची सगळी झीज भरून निघणार नाही. म्हणून कुटुंबीयांनी पुण्यतिथीला किंवा घरच्या मंगलकार्यात यथाशक्ती भर घालीत जावे. भर शंभराची असली तरी चालेल, कारण त्या निमित्ताने पुढची पिढी निधीशी बांधलेली राहते. सर्व निधींची गुंतवणूक एकत्र असावी. खतावणीत मात्र प्रत्येक नावाचे पान स्वतंत्र असावे, म्हणजे लहान देणगीलाही मोठ्या ठेवीचा लाभ मिळेल. रक्कम कायम निधीसाठी आहे, असे देणाऱ्याने लेखी द्यावे. तसे पत्र नसेल तर ती कायम निधीत धरता येत नाही आणि सामान्य देणगीत मिसळून जाते. हेतू मात्र व्यापक शब्दांत लिहावा. ‘तारांगणाच्या सहलीसाठी’ असे न लिहिता ‘मुलांच्या पूरक शिक्षणासाठी’ असे लिहावे. पन्नास वर्षांनी मुलांना काय लागेल, ते आज आपण ठरवू शकत नाही. जातीची, पोटजातीची किंवा गावाची अट कोणी घालू नये. आणि हा वर्ग कधी बंद पडलाच, तर त्या पैशाचे काय करावे, हेही त्याच कागदावर नमूद असावे.

आता नावाविषयी. नावाची हौस ही क्षुद्र गोष्ट आहे, असे मी मानीत नाही. ज्या प्रेमचंदांचा उल्लेख केला, त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या मनोऱ्याला आपल्या आईचे नाव दिले. तो राजाबाई मनोरा १८७८ साली पुरा झाला. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांचे साहाय्य दिले, तेही आपल्या आईचे, श्रीमती नाथीबाईंचे, नाव विद्यापीठाला जोडून. आपल्या मंडळाच्या भिंतीवरील फलक वाचा. तेथे अध्यक्ष आहेत, चिटणीस आहेत, देणगीदार आहेत. बहुतेक सारे पुरुष. दुपारी धुणीभांडी आटोपल्यावर शेजारची चार मुले गोळा करून पाटीवर बाराखडी गिरवून घेणाऱ्या स्त्रियांचे नाव तेथे नाही. या वर्गाचे मूळ मात्र त्यांच्याच ओसरीवर आहे. एखाद्या निधीला आपल्या आईचे वा आजीचे नाव द्यावे, असे मी आग्रहाने सुचवितो.

नावाबरोबर माणूसही राहिला पाहिजे. म्हणून प्रत्येक निधीच्या नावे वर्षातून एक रविवार असावा, आणि त्या दिवशी कुटुंबातील कोणी तरी वर्गात येऊन पाच मिनिटे त्या व्यक्तीविषयी सांगावे. थोरवी सांगण्याचे कारण नाही. ती व्यक्ती या शहरात का आली, पहिल्या दिवशी काय जेवली, कोणती भाषा कशी शिकली, एवढे सांगितले तरी मुले कान देऊन ऐकतील. त्यांचेही आईबाप असेच कोठून तरी आलेले आहेत.

माझ्यापुरते सांगतो. वडिलांचा तो जुना निधी नव्या नियमांखाली आणावा, असे पत्र मी आज चिटणिसांना दिले आहे. भावंडांच्या संमतीने त्यांत एक लक्ष रुपयांची भर घातली आहे, आणि वडिलांच्या नावापुढे आईचे नाव लिहिले आहे. वडील कचेरीत असत. आम्हांला वाचायला तिने शिकविले. येत्या महिन्यातल्या एका रविवारी वर्गात जाऊन मी तिच्याविषयी पाच मिनिटे बोलणार आहे. ज्या मुलीला पेन मिळाले होते, तिलाही मी त्या दिवशी बोलाविले आहे. गेल्या वर्षी तिला न मिळालेले उत्तर तिला मिळाले पाहिजे.