झोराचा हट्ट



१९५३ चा जानेवारी. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सने एक नवी स्पोर्ट्स कार मांडली होती. नाव कॉर्व्हेट. ती पाहायला आलेल्यांत झोरा आर्कस-डंटॉव्ह नावाचा त्रेचाळिशीचा एक इंजिनिअर होता. जन्म ब्रुसेल्सचा, शिक्षण बर्लिनचे. युद्धात फ्रान्स पडल्यावर जीव वाचवून अमेरिकेत आलेला.

गाडीच्या रूपावर तो बेहद्द खूश झाला. पण बॉनेटखाली काय? सहा सिलिंडरचे १५० अश्वशक्तीचे इंजिन आणि अवघे दोन गिअर, तेही ऑटोमॅटिक. नाव मोठे, लक्षण खोटे! त्याने थेट ही गाडी बनवणाऱ्या शेव्हरोले या जनरल मोटर्सच्या विभागाच्या मुख्य इंजिनिअरला पत्र धाडले आणि मे महिन्यात तिथेच नोकरीला लागला.

पुढे कॉर्व्हेटला व्ही-८ इंजिन मिळाले. झोराने त्यासाठी नवा कॅमशाफ्ट आखला आणि १९५६ च्या सुरुवातीला डेटोनाच्या वाळूवर स्वतः गाडी हाकून ताशी १५० मैलांचा टप्पा ओलांडला. ऑफिसात बसून नुसते नकाशे काढणाऱ्यांतला तो नव्हेच. त्याआधी ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत पोर्शे चालवून त्याने दोनदा आपल्या गटात पहिला नंबर काढला होता.

१९६३ च्या ‘स्टिंग रे’ कॉर्व्हेटमध्ये मागची चाके एकमेकांपासून सुटी, स्वतंत्रपणे वरखाली होऊ लागली. वळणावर गाडी रस्ता धरू लागली, ती यामुळे. त्याच गाडीची मागची काच डिझाइनप्रमुख बिल मिचेल यांनी मधोमध पट्टी घालून दुभंगली. झोरा म्हणे, मागचे दिसायचे कसे? दोघांचे कडाक्याचे वाजले. पट्टी त्या वर्षी राहिली, १९६४ मध्ये गेली. आज मात्र शौकीन त्याच दुभंगलेल्या काचेसाठी जास्त पैसे मोजतात!

झोराला ‘कॉर्व्हेटचा जनक’ म्हणतात. तसे पाहिले तर या गाडीची देवकी म्हणजे तिची मूळ कल्पना मांडणारे डिझायनर हार्ली अर्ल, झोरा यशोदा.

झोराचा खरा हट्ट वेगळाच होता. इंजिन चालकाच्या पाठीमागे हवे, म्हणजे वजन मागच्या चाकांवर येते आणि पकड वाढते. १९६० पासून त्याने तशा प्रायोगिक गाड्या बांधून दाखवल्या. वरिष्ठांचा हिशेब सरळ: आहे तीच गाडी खपते आहे, मग हा खर्च कशाला? १९७५ मध्ये तो निवृत्त झाला, १९९६ मध्ये वारला. इंजिन मागे असलेली कॉर्व्हेट कंपनीने बाजारासाठी जाहीर केली ती २०१९ च्या जुलैमध्ये.