कुंडीतील हळद आणि खतांचा हिशेब



बंगळूर शहर जिल्ह्याच्या दक्षिणेस आनेकल तालुका आहे. एके काळी नाचणीच्या शेतांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या मुलखाचे रूप इलेक्ट्रॉनिक सिटी, बोम्मसंद्र, जिगणी व अत्तिबेले येथील उद्योगांनी पालटले. शेतांच्या जागी गृहसंकुले उभी राहिली. तेथील गच्चीवर कुंडीत हळद लावणाऱ्या कुटुंबापुढे शेतकऱ्याचाच जुना प्रश्न उभा राहतो : शेणखत की युरिया? कुंडीत हा प्रश्न ग्रॅममध्ये मोजता येतो, म्हणून अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो येथेच तपासावा.

कोळिकोड येथील भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेची हळदीसाठीची सर्वसाधारण शिफारस हेक्टरी ६० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व १२० किलो पालाश अशी असून त्यासोबत ३० ते ४० टन शेणखत वा कंपोस्ट सांगितले आहे. सुमारे ३५ सेंटीमीटर व्यासाच्या कुंडीचे तोंड एक दशांश चौरस मीटर भरते. त्या प्रमाणात संपूर्ण हंगामासाठी युरिया केवळ १.३ ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट सुमारे ३ ग्रॅम आणि म्युरेट ऑफ पोटॅश २ ग्रॅम लागते. चहाचा एक चमचा युरिया म्हणजे आठ-नऊ महिन्यांच्या गरजेच्या कितीतरी पट मात्रा झाली! शेणखत मात्र ३०० ते ४०० ग्रॅम पडते. शेणखतात नत्र अर्धा टक्का धरले तरी ते दीड ते दोन ग्रॅम होते, म्हणजे युरियातील ०.६ ग्रॅमपेक्षा अधिक.

मग रासायनिक खत हवेच कशाला? शेणखतातील नत्र सावकाश मोकळे होते. पहिल्या हंगामात त्याचा काही भागच पिकाच्या हाती लागतो. फुटवे व गड्डे वाढण्याच्या काळात पिकाची मागणी मात्र थांबत नाही. उलटपक्षी, केवळ रासायनिक खत दिले तर कुंडीतल्या थोड्याशा मातीत ते टिकत नाही, पाण्याबरोबर तळाच्या छिद्रातून निघून जाते. सेंद्रिय द्रव्य ते धरून ठेवते, माती भुसभुशीत राखते आणि निचरा सुधारते. पाणी साचल्यास हळदीला कंदकूज होते. म्हणून शेणखत व स्फुरद लागवडीच्या वेळी, तर नत्र व पालाश दोन-तीन हप्त्यांत द्यावे. एकात्मिक अन्नद्रव्य व्यवस्थापनाचा व्यवहारातील अर्थ एवढाच.

आता किमतीकडे वळू. १ एप्रिल २०१० पासून अन्नद्रव्याधारित अनुदान योजना लागू झाली, पण युरिया तिच्याबाहेर राहिला. स्फुरद व पालाशयुक्त खतांच्या किमती बाजाराबरोबर हलल्या. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्याची किंमत मात्र २०१८ मध्ये नीमलेप व कर वगळून २४२ रुपये ठरली. स्वस्त वस्तू जास्त वापरली जाते, हा मागणीचा साधा नियम आहे. हळदीत त्याची किंमत चुकवावी लागते : जादा नत्राने पाने माजतात, गड्डे त्या मानाने पोसत नाहीत. परीक्षार्थी ४:२:१ हे गुणोत्तर पाठ करतात. ते देशाच्या एकूण खतवापराचे ढोबळ माप आहे, कोणा एका पिकाचे नव्हे. वरील शिफारशीत पालाश नत्राच्या दुप्पट आहे. अर्थात, मातीनुसार मात्रा बदलते, हे विसरू नये.

सेंद्रिय बाजूची अडचण निराळी आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या गृहसंकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्यास सांगितले, आणि त्याच वर्षी केंद्राने शहरी कंपोस्टसाठी टनामागे १,५०० रुपये विपणन साहाय्य जाहीर केले. कंपोस्ट तयार होते. ते घेणारे शेत दूर गेले आहे. आनेकलच्या कुंड्या त्याचा थोडाच भाग सामावून घेतील, पण वाहतूक खर्च शून्य असलेला तेवढा ग्राहक दारातच आहे. मात्र खत पूर्ण कुजलेले हवे.

काढणीनंतर कुंडीतील माती फेकू नये. कंदकुजीची बुरशी तीत राहू शकते, म्हणून पुढच्या वर्षी त्याच मातीत हळद वा आले न लावता मेथी किंवा माठ घ्यावा. उरलेले सेंद्रिय खत त्या भाजीला पुरते.