रस्ता कोणाचा?

इंदूरच्या आग्रा-मुंबई मार्गावर २०१३ साली सुमारे साडेअकरा किलोमीटर लांबीची, केवळ बससाठी राखलेली मार्गिका सुरू झाली. ती हटविण्यास २०२५ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने संमती दिली. मधली जागा रिकामी पडते आणि इतर वाहने कडेला कोंडतात, ही मोटारवाल्यांची तक्रार खोटी नव्हती. परंतु ती जागा मोकळी होती म्हणूनच बस न अडखळता धावे, हेही तितकेच खरे. एका बसमध्ये पन्नास माणसे मावतात. मोटारीत बहुधा एखाददुसराच बसलेला असतो. मग रस्त्याची मोजणी वाहनांनी करावयाची की माणसांनी? आम्ही म्हणतो, माणसांनी!

कठडे गेले म्हणून मजुराचा, शाळकरी मुलीचा वा वृद्धाचा रस्त्यावरील हक्क जात नाही. रुंद पदपथ, सुरक्षित थांबा आणि वेळेवर बस हे त्यांस मिळालेच पाहिजे. रस्त्याच्या नव्या आखणीवर सभा भरते, तेव्हा मोटारवाल्याचा आवाज मोठा असतो; थांब्यावर ताटकळणाऱ्यास सभेला येण्याची सवडच नसते. त्याच्या वतीने बोलणे हे आपणां सर्वांचे कर्तव्य होय.